पहिली हाक नव्याची

तीस वर्षं मी कॉलेजात संरक्षणशास्त्र शिकवलं आणि त्या तीस वर्षांत एकदाही बंदूक हातात धरली नाही. हे मी अभिमानानं सांगत नाही आणि लाजूनही सांगत नाही. आमचे हे मात्र पाहुण्यांसमोर आवर्जून सांगतात. "हिला रणगाड्याचं वजन विचारा, टनात सांगेल. पण घरात पाल निघाली की हीच खुर्चीवर चढते." पाहुणे हसतात आणि मी चहा टाकायला उठते. पालीचं खरं आहे.

निवृत्त झाल्यावर भुकूमच्या फ्लॅटमध्ये बसून मी पुस्तक लिहायला घेतलं. लष्करी युती म्हणजे काय, हे साध्या मराठीत सांगणारं पुस्तक. काही देश एकत्र येतात आणि एकमेकांना शब्द देतात की तुमच्यावर हल्ला झाला तर तो आमच्यावरच झाला असं आम्ही धरू. शब्द मोठा असतो, म्हणून नव्या देशाला आत घेण्याआधी जुने देश त्याला उलटसुलट तपासतात. त्याचं सैन्य कितपत तयार आहे, त्याच्या पुलांवरून आपले रणगाडे जातील का, त्याच्या रुळांची रुंदी आपल्याएवढी आहे का, त्याच्या रेडिओवर आपलं बोलणं ऐकू येईल का, त्याची सरहद्द किती लांब आणि पलीकडचा शेजारी किती तापट, आणि या सगळ्याचा खर्च कोणी सोसायचा. माझं सातवं प्रकरण याच तपासणीवर होतं. आधीची सहा सरसर लिहून झाली आणि सातव्यात गाडी रुतली. कसंबसं पुरं करून पाठवलं, तर प्रकाशकांचा फोन आला. "मॅडम, माहिती उत्तम आहे. पण मला दोनदा डुलकी लागली." मी फोन ठेवला आणि दिवसभर कोणाशी बोलले नाही.

राग आला की मी रिह्याला जाते. तिथे आमचं एकरभर भाताचं खाचर आहे आणि बांधाला लागून दोन खोल्यांचं घर. शेत गावातलंच एक कुटुंब वाट्यानं करतं. आम्ही आपले इंद्रायणी तांदूळ खायला आणि बांधावर बसायला. दिवाळी उलटून भात झोडून झालं होतं, खाचरात धसकटं उरली होती, आणि दरवर्षीप्रमाणे मेंढरं बसायला आली होती. चार-पाच दिवस कळप शेतात बसवला की लेंड्यांचं खत मिळतं, आणि त्या बदल्यात आपण मेंढपाळांना तांदूळ द्यायचे. आम्ही शेत घेतलं त्याच्या कितीतरी आधीपासून हे चालत आलंय.

मेंढरांबरोबर जो तळ येतो त्याला ती मंडळी वाडा म्हणतात. या वाड्याला भिंत नाही की छप्पर नाही. चार घरं, चार घोडी, सात-आठ कुत्री, एक मोठा कळप आणि तीन दगडांच्या चार चुली, एवढाच तो वाडा. चारही घरं याच खोऱ्यातली. पावसाळ्यात आपापल्या गावी शेती आणि मजुरी करतात, आणि भात निघालं की एक होऊन ताम्हिणी घाटानं कोकणात उतरतात. घाटात बिबट्या असतो, रस्त्यावर ट्रक असतात, एखादी मेंढी वाटेतच विते, एखादं माणूस तापानं पडतं. एकट्या घरानं जायची सोय नाही. वाड्याच्या म्होरक्याला कारभारी म्हणतात. आमच्याकडे येणारे कारभारी सत्तरीचे. समोरच्याचं बोलणं पूर्ण संपेपर्यंत ते तोंड उघडत नाहीत. ही सवय मला कधीच जमली नाही.

त्या गुरुवारी वाड्यापासून थोडं अंतर राखून एक पाचवी चूल दिसली. चुलीपाशी चाळिशीची एक काटक बाई, पदर कानामागे घट्ट खोचलेला, आणि तिच्या पायाशी एका कानाचं म्हातारं कुत्रं.

"घोटावड्याची हाय," कारभारी म्हणाले. "वाड्यात घ्या म्हनतीया."

मी मनातल्या मनात तिचं नाव घोटावडेकरीण ठेवलं आणि संध्याकाळचा चहा घेऊन तिच्याकडे गेले. तिनं कपातला चहा बशीत ओतला, अर्धा कुत्र्याला दिला आणि मग बोलली. नवऱ्याचा पाय मोटरसायकलखाली येऊन मोडला होता. तो आता कारखान्याच्या गेटवर बसायची नोकरी करत होता, दोन्ही मुली शाळेसाठी त्याच्यापाशी. मेंढरं एकटीच्या अंगावर.

"आजवर गावातच चारायची. आता जितं तितं तारंचं कुंपन घातलंया. परवा एका बंगलेवाल्यानं माज्या मेंढरांवर पान्याचा पाइप सोडला. म्हनला, लॉन हाय. दोन विसा आन् वर चार मेंढरं हायती, ताई. कुटं न्यायची? ह्यांनी वाड्यात घेतलं तर कोकनात उतरते. न्हाई घेतलं तर रईवारी यापाऱ्याचा टेम्पो सांगितलाय."

व्यापारी मेंढरं कशाला नेतो ते मला विचारावं लागलं नाही. बोलता बोलता ती एका मेंढीच्या कानामागे खाजवत होती. रविवारला तीन दिवस होते.

मला तिची काळजी वाटली असं लिहायला मला आवडलं असतं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. तीस वर्षं ज्यावर शिकवलं, ज्या प्रकरणानं माझी झोप उडवली आणि प्रकाशकांना झोप आणली, ते माझ्या खाचरात चालत आलं होतं. जुने सदस्य चार, अर्जदार एक. मी घरात जाऊन वही आणली.

"अगं, नको," हे म्हणाले.

नको म्हटलं की मी करतेच, हे चाळीस वर्षांच्या संसारात यांना कळायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळपासून मी कारभाऱ्यांच्या मागे लागले. एका घराला बिऱ्हाड वाहायला घोडं लागतं का? लागतं. राखणीला किती माणसं? घरटी दोन तरी. कुत्री? दोन, त्यातलं एक जवान. सगळ्यांची मेंढरं एका आवाजाला येतात का? आमची येत्यात, नवी याया महिना लागतो. मी रकाने आखले. माणसं, कुत्री, वाहतूक, हुकमाची भाषा, चाऱ्याचा वाटा, आणि शेवटी सगळ्यांवर पडणारा भार. असा सुंदर तक्ता माझ्या हातून पुस्तकातसुद्धा झाला नव्हता.

"आणि नव्या घराची परीक्षा तुम्ही कशी घेता?" मी विचारलं.

कारभारी एका मेंढीचं वाढलेलं खूर कातरत होते. ते पुरं केल्याशिवाय बोलले नाहीत.

"नवं घर तीन दिस शेजारी ऱ्हातं. आमी त्येला बघतो, त्ये आमाला बघतं. आन् ह्या तीन दिसांत एकदा, त्येला वाटंल तवा, त्ये हाक मारतं. चारी घरांनी हातातलं टाकून जायाचं. पैली हाक नव्याची. माज्या बापाच्या वक्तापास्नं हाय."

"ते ठीक. पण परीक्षा?"

"हीच की."

मला वाटलं, यांना प्रश्न समजला नाही. साऱ्या धनगरांत ही रीत आहे की याच वाड्यात, मला ठाऊक नाही. मी ती वहीत 'इतर' या सदरात टाकली आणि पुढे गेले.

दुपारी चहाला सगळे आमच्या ओट्यावर जमले. कारभारी, त्यांच्या घरच्या कारभारीणबाई, त्यांचा धाकटा भाऊ, आणि उरलेल्या दोन घरांचे दोन जण. घोटावडेकरीण मेंढरं घेऊन ओढ्यापलीकडे गेली होती. मी तक्ता वाचून दाखवला, आणि वाचून दाखवला म्हणजे वर्गात वाचायचे तसा. घोडं नाही, सबब तिचं बिऱ्हाड दुसऱ्यांना वाहावं लागेल. दुसरं माणूस नाही, सबब तिच्या वाटची अर्धी राखण इतरांवर. कुत्रं एक, तेही एका कानाचं. मेंढरं तिच्याशिवाय कोणाला ओळखत नाहीत. येणारा भार जास्त, मिळणारं बळ कमी. शेवटच्या ओळीवर मी चष्मा काढला.

कारभाऱ्यांनी वहीत डोकावून पाहिलं.

"म्याडम, ह्यात आमचं कुटं लिव्हलंया?"

"तुमचं काय?"

"आमी किती तयार हाय, त्ये."

मी हसले. "अहो, तुम्ही जुने. तुमचं काय तपासायचं?"

"असं व्हय," ते म्हणाले आणि कप खाली ठेवला.

धाकट्यांनी मात्र मान डोलावली. धाकटे म्हणजे साठीचे, चारही घरांत सगळ्यांत चांगलं घोडं त्यांचं, आणि शिकलेल्या माणसाबद्दल त्यांना फार आदर. "म्याडमनी मांडूनच दावलंया. लई भार पडंल. आता काय राह्यलं?" असं म्हणून ते उठून गेले. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे कबूल करते. रात्री पडल्यावर मात्र ती मेंढीच्या कानामागे खाजवणारी बोटं आठवत राहिली आणि मी कूस बदलत राहिले.

शनिवारी दुपारी बाराच्या सुमाराला हाक आली.

मी पायरीवर बसले होते. हे बर्मुडा घालून पेपर वाचत होते. चुलींवर भाकऱ्या चालल्या होत्या. ओढ्यापलीकडच्या टेकडाकडून एक लांब 'ओऽऽ' आलं, मध्येच तुटलं आणि पुन्हा वर चढलं. कारभाऱ्यांच्या हातातली मेंढी सुटली. तिची तीन खुरं कातरून झाली होती आणि चौथं तसंच. सत्तर वर्षांचा माणूस माझ्यासमोरून असा पळाला की मी बघतच राहिले. त्यांच्यामागे कारभारीणबाई, दोन्ही हात पिठानं भरलेले, तव्यावरची भाकरी तशीच. तिसऱ्या घरचा गडी ओढ्यावर आंघोळ करत होता. तो टॉवेल गुंडाळून, डोक्यावर साबणाचा फेस घेऊन पळाला. त्याच्यामागे आणखी एका घरची माणसं. कुत्री तर केव्हाच पुढे गेली होती, आणि पाचव्या चुलीपाशी पेंगणारं एका कानाचं म्हातारं त्यांच्याही पुढे.

मी का उठले ते मला अजूनही सांगता येत नाही. गुडघे दुखतात म्हणून मी भुकूमच्या सोसायटीत लिफ्ट बंद असली की भाजी आणायलासुद्धा उतरत नाही. पण उठले, आणि धावले. हे पेपरची गुंडाळी हातात घेऊन माझ्यामागे, जणू बिबट्याला अग्रलेखानं मारणार होते. खाचराच्या सखल कोपऱ्यात अजून चिखल होता. तिथे माझी एक चप्पल रुतली ती रुतलीच. दुसरी मी स्वतःच फेकून दिली.

टेकडावर घोटावडेकरीण एका दगडावर उभी होती. मेंढरं शांत चरत होती. ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

"काय झालं?" कारभाऱ्यांना धाप लागली होती.

"काय न्हाई," ती म्हणाली. "बघत हुते."

मला वाटलं आता कोणीतरी तिला झापणार. तर सगळे खो खो हसायला लागले. कारभारीणबाई पिठाच्या हातांनी पोट धरून खालीच बसल्या. फेसवाल्याचे डोळे चुरचुरत होते आणि तो डोळे चोळत हसत होता. मी तेवढी एकटी रागावले. "अहो, पण माझी चप्पल!" मी म्हटलं, तर ते आणखी हसले. मग मलाही हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. इतकी मी कॉलेज सोडल्यापासून हसले नव्हते.

हसू ओसरल्यावर ती दगडावरून खाली उतरली. तिचा चेहरा मात्र हसरा नव्हता.

"धाकलं मामा न्हाई आलं," ती म्हणाली. "त्येंच्या घरचं कुनीच न्हाई आलं."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. खाचराच्या टोकाला आंब्याखाली धाकटे खोगीर शिवत बसलेले दिसत होते. बायको आणि सूनही तिथेच. हाक तिथवर गेली नसेल असं म्हणायला जागा नव्हती.

कारभाऱ्यांची मान खाली गेली. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"तीन घरं आली," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. "पर घाटात माजं मेंढरू दरीत गेलं आन् मी हाक मारली, तवा चौथं घर खोगीर शिवत बसलं तर? मी एकली हाय, मामा. माज्यामागं दुसरं कुनी न्हाई. अशा वाड्यात मी कशी येऊ?"

"तुजा हक हाय," कारभारी म्हणाले. "आमी कमी पडलो. तू न्हाई म्हनलीस तर तुला कुनी नाव ठेवनार न्हाई."

म्हणजे नकार वाड्याकडून आला नव्हता. नकार ती देत होती, आणि दिल्यावर उद्या टेम्पोपाशी उभी राहणार होती. धाकटे का आले नाहीत याचा अंदाज मला आला होता. मी अनवाणी तशीच आंब्याखाली गेले. मागून सगळे आले.

"तुम्ही हाक ऐकली नाहीत?" मी धाकट्यांना विचारलं.

"ऐकली की." त्यांनी दाभण खोगिरात खुपसला. "पर तुमीच म्हनला न्हवं, भार लई हाय म्हनून. म्या म्हनलं, घ्यायचंच न्हाई तर पळायचं कशापाई?"

त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. शिकलेल्या बाईनं हिशेब मांडला, तो त्यांनी मानला. माझ्या पुस्तकात एक लांबलचक परिच्छेद आहे. अर्जदार देशाला आत घ्यायचं की नाही हे जुने देश लोंबकळत ठेवतात, तेव्हा संकटात त्याच्यासाठी धावायला कोणीच बांधील नसतं, असं त्यात लिहिलंय. तो परिच्छेद मी लिहिला होता, आणि शुक्रवारी चहाबरोबर मीच तो घडवून आणला होता.

"माझी चूक झाली," मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडून फारसं निघत नाही. हे माझ्याकडे बघतच राहिले. "मी एकाच बाजूनं तपासलं. हाक आल्यावर जुनी घरं पळतात का, हे मी लिहिलंच नाही. कारभाऱ्यांनी विचारलं तर हसले. माझा तक्ता चुकीचा आहे."

घोटावडेकरणीला तक्त्याचं काहीच माहीत नव्हतं. कारभारीणबाईंनी तिला दोन वाक्यांत सांगितलं. ती माझ्याकडे वळली आणि मी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

"मग खोडा की," धाकटे म्हणाले. "वाचून दावला, तसा समद्यांम्होरं खोडून दावा."

यांनी घरातून वही आणली. मी आंब्याखाली बसून पहिली ओळ वाचली. "घोडं नाही."

धाकट्यांनी खोगिराकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं. "हिचं बिऱ्हाड ते केवढं? दोन भांडी आन् एक घोंगडं. माज्या घोड्यावर ऱ्हाईल. खोडा."

मी खोडलं. "दुसरं माणूस नाही."

"माजी सून जाईल हिच्यासंगं राखनीला," कारभारीणबाई म्हणाल्या. "तिला तसंबी माज्यापास्नं लांब बसायचं असतंय." त्यांची सून पदराआड हसली. खोडलं.

"कुत्रं एक, तेही एका कानाचं."

"हाकंला समद्यात आदी कोन पोचलं?" फेसवाला म्हणाला. त्याचा फेस आता वाळून केस उभे राहिले होते. "त्योच एककान्या." खोडलं.

"मेंढरं दुसऱ्याच्या आवाजाला येत नाहीत."

"महिन्यानं येतील," कारभारी म्हणाले. "आमची तरी कुटं आईच्या पोटातनं शिकून आलती?"

असा माझा तक्ता ओळीओळीनं गेला. शेवटी पानावर रेघाच उरल्या. मी इतक्या आनंदानं स्वतःचं लिखाण कधी खोडलेलं नाही.

"पन एक हाय," कारभारी म्हणाले आणि मी पेन थांबवलं. "म्याडम, हे लिवून घ्या. ज्याला घोडं न्हाई त्येला घोडं देता येतं. पर ज्यो हाक मारत न्हाई, त्येच्यापायी वाडा बुडतो. एकलाच झुरत बसतो, मेंढरू गेल्यावर सांगतो. हिनं हाक मारली. त्येला धीर लागतो. ही माज्या वाड्यात चालंल. आमी हिला चालतो का, त्ये तिनं सांगावं."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती कुत्र्याच्या त्या एका कानाशी चाळा करत होती.

"मामा," ती धाकट्यांना म्हणाली, "हाक एकदाच असती ना?"

"माज्यासाटी पुन्यांदा मार," धाकटे म्हणाले. "कवाबी मार."

तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चुलीवरच्या भाकरीचा तोवर कोळसा झाला होता, म्हणून आम्ही सगळे आमच्याकडचा वरणभात जेवलो.

रविवारी सकाळी नऊ वाजता रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. मी बांधावरून बघत होते. घोटावडेकरीण मेंढरं घेऊन रस्त्याच्या कडेला उभी, व्यापारी खाली उतरून मेंढरांच्या पाठी चाचपतोय. तिनं विकायचं ठरवलं की काय? तेवढ्यात तिनं मान वर केली आणि ती लांब, मध्येच तुटून चढणारी हाक मारली.

यावेळी मी पळाले नाही, कारण मला पळायला वेळच मिळाला नाही. आंब्याखालून धाकटे घोड्यावर बसून निघाले. खोगीर शिवून झालं नव्हतं, सबब बिनखोगिराचे. साठीचा माणूस, एका हातानं आयाळ धरलेली, दुसऱ्या हातानं पागोटं, आणि घोडं माझ्या खाचरातून, बांधावरून, ओढ्यातून थेट रस्त्यावर. मागून त्यांची बायको, सून, बाकीची तीन घरं आणि सगळी कुत्री. व्यापारी घाबरून पुन्हा टेम्पोत जाऊन बसला आणि त्यानं काच वर केली.

"काय झालं?" धाकटे घोड्यावरूनच ओरडले.

"काय न्हाई, मामा," ती म्हणाली. आता ती हसत होती, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईतो. "ह्या भाऊला सांगा, टेम्पो रिकामाच न्यायचाय."

सगळा वाडा एकदम बोलायला लागला. व्यापारीही अखेर हसला, भाडं फुकट गेल्याबद्दल चार शब्द बोलला, चहा पिऊन गेला. तिनं आपल्या चुलीचे तीन दगड उचलले आणि इतर चार चुलींच्या रांगेत आणून मांडले. हे माझ्या कानाशी म्हणाले, "सातव्या प्रकरणात हे घालणार का?" मी म्हटलं, "गप्प बसा," आणि चष्मा पुसत राहिले.

मी ते प्रकरण पुन्हा लिहिलं. पूल, रूळ, रेडिओ, खर्च, सगळं आहे त्यात. ते लागतंच. पण आता ते जुन्या देशांपासून सुरू होतं. प्रकाशकांना डुलकी लागली नाही, असं त्यांनी स्वतःहून कळवलं.

पण ते नंतरचं. वाडा हलला तो मंगळवारी सकाळी. घोड्यांवर बिऱ्हाडं चढली. धाकट्यांच्या घोड्यावर त्यांच्या सामानावर आणखी दोन भांडी आणि एक घोंगडं. निघताना घोटावडेकरीण माझ्यापाशी आली. तिनं एक वस्तू माझ्या हातात दिली. चिखलातून काढून धुतलेली माझी चप्पल.

"ताई, तुमची हाक राह्यली."

"माझी? मी कुठे वाड्यात?"

"पळत आलता की. अनवानी. पळतंय त्येला हाक असती."

मी काहीतरी हसून टाळलं. मदत मागणं मला जमत नाही. कॉलेजात नाही जमलं, घरात नाही जमलं, गुडघ्याच्या दुखण्याचंसुद्धा मी यांना वर्षभर सांगितलं नव्हतं. वाडा निघाला. कळप खाचर ओलांडून, ओढा ओलांडून, देवळाच्या वळणापर्यंत गेला. घंटांचा आवाज बारीक होत चालला. मी बांधावर चप्पल हातात घेऊन उभी होते आणि मला कारभाऱ्यांचं बोलणं आठवलं, हाक न मारणाऱ्याचं. हे शेजारी उभे होते.

मी हाक मारली. तीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवलेला आहे, तो देवळापर्यंत पोचायला हरकत नव्हती. तरी ती मध्येच फाटली.

वळणावर सगळं थांबलं. मग एककान्या सुटला. त्याच्यामागे, बगलेत कोकरू घेऊन, साडी वर खोचून, ती. तिच्यामागे धाकटे, कारभारी, कारभारीणबाई, ओढ्यातून पाणी उडवत बाकीचे.

ती पहिली पोचली. "काय झालं ताई?"

"काही नाही," मी म्हटलं. माझे डोळे वाहत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही. "बघत होते."

"मग मोजा की," ती म्हणाली.

मी बोटांवर मोजलं. पाचही घरं आली होती.